चार वेळा वाचलेली कादंबरी

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात, आई अंगठा देते. डिग्री झाली म्हणून मला लिहिता येतंच असं नाही. आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांनी आपल्याविषयी कोणी लिहावं असं कधी म्हटलं नव्हतं, उलट नकोच म्हटलं होतं. म्हणून त्यांचं नाव इथं येणार नाही. मी त्यांना मावशी म्हणायचो, तेच इथं म्हणतो.

मावशी कोणतंही पुस्तक हातात घेतलं की आधी मागून उघडायच्या. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर किती शिक्के पडलेत ते बघायच्या आणि शिक्के कमी असले तर ते पुस्तक फडक्यानं जरा जास्त वेळ पुसायच्या. "याले कोनी नेत नाई," एवढंच म्हणायच्या. मग दुसरं.

आदिलाबादला बसस्टँडपासून थोडं चालत गेलं की एक वाचनालय लागतं. तिथली जवळजवळ सगळी पुस्तकं तेलुगू. मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे, ते मराठीचं. मावशी तिथं अटेंडर होत्या. कायम नव्हे, एजन्सीमार्फत लावलेल्या. झाडायचं, पुसायचं, पाणी भरायचं, सकाळचे पेपर काठीला लावायचे, संध्याकाळी काढायचे. शिक्षण सातवी. गोदावरीकाठच्या बासरकडचं माहेर. वाचताना ओळीखाली बोट धरायच्या आणि ओठ हलायचे.

मी तामसीकडच्या एका गावातून रोज बसनं कॉलेजला यायचो. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर एकदम तेलुगू आणि इंग्रजी. दुपारी तास संपेपर्यंत डोकं इतकं थकलेलं असायचं की सरांचे शब्द नुसते कानावर आदळायचे. परतीच्या बसला दोन तास असायचे. त्या दोन तासांत मी मराठीच्या कपाटाजवळ जाऊन बसायचो. वाचायचो असंही नाही. नुसतं बसायचो.

"काऊन रे बाबू, बीमार हायेस का?" मावशींनी पहिल्यांदा विचारलं ते हे.

"नाही मावशी. थकलो."

"मंग बस. पन पुस्तक उघडं ठिव समोर. साहेब आले तर वाचून राह्यला असं दिसलं पायजे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याला कामचोरी शिकवतात आणि स्वतः दिवसभर बसत नाहीत.

त्या कपाटाला एक वही सुतळीनं बांधलेली होती. अभिप्राय वही. कोण्या जुन्या ग्रंथपालानं सुरू केलेली. मराठी पुस्तक परत करताना वाचकानं दोन ओळी लिहून सही करायची. आताचे ग्रंथपाल तेलुगू, त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यामुळे वहीत काय लिहिलंय ते फक्त पुढच्या वाचकाला कळायचं.

कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी यादवांच्या काळातली होती. गोदावरीच्या एका काठावर राजपुत्र, पलीकडच्या काठावर वैरी सरदाराची मुलगी. त्यांचं प्रेम, ताटातूट, युद्ध आणि शेवटी दोघांचा मृत्यू. ती बऱ्याच जणांनी नेली होती, म्हणून वहीत तिच्याविषयी पानंच्या पानं होती. आमच्याकडचे एक निवृत्त मराठीचे सर लाल शाईनं लिहायचे. त्यांनी लिहिलं होतं, "भाषा प्रासादिक. युद्धवर्णन अपुरे." मार्केट यार्डातल्या एका कारकुनाचं मत, "लढाया कमी, प्रेम फार." एका अंगणवाडी टीचरनं लिहिलं होतं, "शेवट घरी वाचू नये. माझी भाजी करपली."

मी ती नेली, आठ दिवसांत वाचली, रडलो आणि वहीत काय लिहावं ते सुचेना म्हणून पेन धरून उभा राहिलो. मावशी खालचा कप्पा पुसत होत्या.

"लिव ना. रडलास ना तू? डोळे सांगून राह्यले."

"तुम्ही वाचलीय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "चार खेपा."

मी खरंच थक्क झालो. एवढी जाड कादंबरी, ओळीखाली बोट धरून, चार वेळा. कपाट पुसताना दोन पानं, साहेब जेवायला गेले की चार पानं.

"सांग बरं मले," त्या फडकं खांद्यावर टाकून म्हणाल्या, "अकराव्या भागात पूर येते. ती दासी राजकन्येची चिठ्ठी केसात बांधून पोहत पलीकडं जाते. राजपुत्र चिठ्ठी वाचते. मंग चार पानं चांदनं हाय. भर पुरात एवढं चांदनं कुठून आनलं ते लेखकालेच माहीत. मंग तिचं काय झालं?"

"कोणाचं?"

"दासीचं. ती वापस कशी गेली?"

मी पुस्तक उघडलं. बाराव्या भागात राजकन्या खिडकीत उभी होती. तेराव्यात राजपुत्र घोड्यावर. पान उलटत उलटत मी शेवटापर्यंत गेलो. दासी कुठंच नव्हती. मी वाचली तेव्हा मला हे दिसलं नव्हतं.

"मी पाह्यला गोदावरीचा पूर," मावशी म्हणाल्या. "जाताना मानूस जिवाच्या ओढीनं जाईन एक खेप. वापस येताना आंगात जोर राह्यत नाई. आनि तिकडं कोनं तिले गरम काई देल्लं का? चिठ्ठी घेतली अन् झालं."

पुढं मग त्या सुरूच झाल्या. राजकन्या तीन दिवस जेवत नाही, तर तीन दिवसांची ताटं कोणी उचलली? दर दुसऱ्या पानावर केस मोकळे सोडते, गुंता कोण काढते? पण कादंबरी त्यांना आवडत नव्हती असं समजू नका. ताटातुटीचं पान आलं की त्या मला वाचून दाखवायच्या, आणि वाचता वाचता नाक पुसायच्या. "भारीच लिवलं रे. दोघं मेले तर मले चारही खेपा रडू आलं. पन तिच्यासाठी कोनी रडलंच नाई ना."

मी म्हटलं, मावशी, हे वहीत लिहा.

"मी मेंबर नाई."

"मी लिहितो. तुमचं नाव टाकतो."

"नाव नको घालू बाबू." पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "कामाच्या टाइमात वाचते म्हनतीन. एजन्सीवाल्याले काय, दुसरी बाई उभीच हाय. तुझं नाव टाक. मत तर वहीत येईन."

त्यांचे मालक वारलेले. एक मुलगी भैंशाला दिलेली. घर त्या एका पगारावर चालायचं, हे मला माहीत होतं.

मी माझं नाव टाकलं. लिहिताना मी त्यांची भाषा बदलली, हेही सांगायला हवं. "दासीच्या परतीच्या प्रवासाचा लेखकाला विसर पडला आहे," असं लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं तर त्या हसल्या. "लई गुळगुळीत केलं रे. पन चालते."

पुढची दोन वर्षं हेच चाललं. मावशी बोलायच्या, मी गुळगुळीत करायचो, खाली माझी सही. लाल शाईचे सर माझ्या मतांसमोर "मार्मिक" असं लिहू लागले. एकदा तर बसस्टँडवर त्यांनी मला थांबवून पाठीवर हात ठेवला. "कोणाचा रे तू? घरात कोणी शिकलेलं आहे?" मी नाही म्हटलं. "मग हे बघ, हे उपजत आहे," ते म्हणाले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं कौतुक केलं होतं आणि ते माझं नव्हतं. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घे ना मंग कौतुक. कौतुकाले का कीड लागते?"

डिग्री झाली. बी.एड.च्या नंबराची वाट बघत मी घरीच होतो. ग्रंथालय सप्ताहात एका वाचकानं आवडत्या पुस्तकावर मराठीतून बोलायचं होतं. सरांनी माझं नाव सुचवलं. मी आठ दिवस भाषण पाठ केलं. आणि त्या आठ दिवसांत मनाशी एक गोष्ट ठरवली. मावशींना ती सांगितली नाही. मला वाटलं, त्यांना आनंदाचा धक्का द्यावा.

सभागृह म्हणजे वाचनालयाचाच हॉल, टेबलं बाजूला सारून केलेला. तीसेक माणसं असतील. पुढं वरच्या ऑफिसातून आलेले एक साहेब, शेजारी ग्रंथपाल, पहिल्या रांगेत सर. मावशी मागं चहाचा ट्रे घेऊन.

मी दासीविषयी बोललो. तीन दिवसांच्या ताटांविषयी बोललो, लोक हसले. पुराविषयी बोललो तेव्हा शांत झाले. आणि मग मी म्हणालो, "हे विचार माझे नाहीत. वहीतले कोणतेच माझे नाहीत. ते आपल्या या मावशींचे आहेत."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

सर जागेवरून उठले. हसून म्हणाले, "खरं का हो बाई?"

मावशींनी ट्रे बाजूच्या टेबलावर ठेवला. "नाई सर. असं काई नाई. मले काय समजते त्यातलं? पोरगा उगाच बोलून राह्यला."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. त्या मला काय सांगताहेत ते कळायला हवं होतं. नाव नको घालू म्हणून त्यांनीच बजावलेलं मला आठवतही होतं. पण मला वाटलं, त्या लाजताहेत. मला वाटलं, माणूस आयुष्यभर मागं उभं राहिलं की पुढं ये म्हटलं तरी नाहीच म्हणतं, त्याला हात धरून आणावं लागतं. असं सगळं मी पुस्तकांतूनच शिकलेलो. मी आवाज चढवून म्हणालो, "नाही सर! यांनीच सांगितलं. यांनी ती कादंबरी चार वेळा वाचलीय. इथंच वाचलीय, या कपाटाजवळ!"

ग्रंथपालांनी साहेबांना ते हिंदीत समजावलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"चार बार? ड्यूटी में?"

"हौ सर," कोणीतरी म्हणालं.

"फिर झाडू कब मारती?"

हॉलभर हसू उसळलं. साहेबही हसत होते. मीही हसलो. ते हसू मला कौतुकाचं वाटलं. टाळ्या पडल्या. सरांनी मला जवळ घेतलं, म्हणाले, खरेपणा हाच मोठा गुण.

मावशी चहा वाटत पुढं आल्या. माझ्यासमोर कप धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दिवसभर उभं राहिलेलं माणूस जसं दिसतं तशा दिसत होत्या.

"मावशी, चिडल्या का?"

"नाई रे. तुले चांगलं बोलता येते. चहा पी, निवून राह्यला."

त्या संध्याकाळी तामसीच्या बसमध्ये उभ्यानं येताना मला खूप हलकं वाटत होतं. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं. आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं. त्याच आठवड्यात निजामाबादला बी.एड.ला नंबर लागला आणि मी गेलो.

तिथून मावशींना चार-पाच वेळा फोन केला. दर वेळी बोलणं छोटंच.

"कशा आहात?"

"बरी हाय."

"वाचनालय?"

"हाय तसंच हाय."

"कादंबरी कोणी नेली का?"

"तिथंच हाय ते. तिले काय होते? तू अभ्यास कर. जेवतोस ना टाइमावर?"

एकदा मी म्हटलं, मावशी, मला नोकरी लागली की त्या लेखकाला शोधून विचारू, दासीचं काय झालं. त्या म्हणाल्या, "आता राहू दे बाबू. सोड ते."

मला वाटलं, वय झालं, थकल्या असतील.

उन्हाळ्यात गावी आलो. दुसऱ्या दिवशी आदिलाबादला उतरून सरळ वाचनालयात गेलो. दुपारचे दोन. पंखा फिरत होता. मराठीच्या कपाटाला कुलूप होतं. पेपरच्या टेबलाशी एक वेगळी बाई पाणी भरत होती, मला ओळखत नव्हती.

ग्रंथपाल आपल्या खुर्चीत होते. मला बघून उठले, हे आधी कधी झालं नव्हतं. मी विचारलं, मावशी रजेवर आहेत का?

"बैठो," ते म्हणाले.

मी बसलो.

"उसको उसी महीने में निकाल दिए. तुम्हारे भाषण के बाद. ऊपर से फोन आया एजन्सी को, बोले ड्यूटी में नॉवेल पढ़ती." ते टेबलाकडे बघत बोलत होते. आता भैंशाला मुलीकडं असतात, कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचायला जातात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, मला तुम्ही कळवायचं होतं. कोणीतरी कळवायचं होतं.

त्यांनी मान हलवली. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली परत करायला आल्या तेव्हा मावशींनी त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली होती. पोराचं शिक्षण चालू आहे, त्याला सांगू नका.