निलगिरीचे चार थेंब

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "काका, तुम्ही नक्की करता काय?" तर चारुदत्त पेंडसे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मी प्लास्टिकला वाकवतो, त्याच्यावर काहीतरी ओततो आणि ते कधी तडकतंय याची वाट बघत बसतो." मंडळी हसायची आणि बटाटेवड्यांकडे वळायची. काकांनी मात्र त्यात एक अक्षरही खोटं सांगितलेलं नसायचं.

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या कडेला, हायवेच्या पलीकडे, खिडक्या नसलेली एक बुटकी टेस्टिंग लॅब होती. तिथे ते बावीस वर्षं होते. कुणाच्या मिक्सरचं भांडं यायचं, कुणाच्या दवाखान्यातली नळी, कुणाच्या गाडीचा दिवा. प्रश्न एकच असायचा: हे कशाने पुसलं तर टिकेल? पेंडसे त्याची बोटभर पट्टी कापायचे, लोखंडी कमानीवर ताणून बसवायचे, वर रसायनात भिजवलेला कापूस ठेवायचे आणि भिंग हातात घेऊन बसायचे. केसाएवढी पहिली रेघ दिसली की घड्याळ बघून आकडा लिहायचा.

"सरळ ठेवली तर सोसते गं पट्टी," ते शेजारच्या टेबलावरच्या सीमाला सांगायचे. सीमा नागपूरची, चाळिशीची, तोंडाची फटकळ. "वाकवून ठेवली की साध्यासुध्या गोष्टीनेसुद्धा जाते. आणि साच्यातून निघालेल्या प्रत्येक तुकड्यात थोडा ताण राहिलेलाच असतो. तो दिसत नाही."

"म्हणजे माणसासारखंच की, काका."

"माणसाचं मला माहीत नाही. मी पॉलिकार्बोनेटबद्दल बोलतोय."

काकांची बायको, संध्याताई, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या असताना काकांना घरात सिगरेट ओढायला बंदी. मागच्या दारी, पॅटिओवर, खुंटीवर टांगलेला एक चौकड्यांचा शर्ट घालून ओढायची आणि शर्ट तिथेच टांगून आत यायचं, असा कायदा. आता कायदा करणारी राहिली नव्हती, घरात हटकणारं कुणी नव्हतं. तरी काका ऑगस्टच्या उकाड्यात बाहेर जायचे, तो शर्ट चढवायचे, ओढायचे, शर्ट टांगायचे आणि हात धुऊन रिकाम्या घरात परत यायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी सावनी नवऱ्याबरोबर, श्रीरामबरोबर, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला होती. तिला मे महिन्यात मुलगी झाली, सात आठवडे आधी. एवढीशी. महिनाभर काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर सावनीचा फोन आला.

"बाबा, मी स्पष्ट बोलते. रागावू नका. डॉक्टर म्हणालेत, स्मोक करणारं कुणी घरात नको. कपड्यांतून पण येतं म्हणे."

"अगं, मी बाहेरच..."

"बाहेर म्हणजे पॅटिओवर. माहितेय मला तो शर्ट. बाबा, तिची लंग्ज अजून नाजूक आहेत. सोडलीत तर या. बारशाला तिला मांडीवर तुम्हीच घ्यायचंय. आई असती तर आईने घेतलं असतं."

तेवढं शेवटचं वाक्य पुरलं.

काकांनी इंटरनेटवर शोधून एक इलेक्ट्रिक सिगरेट मागवली. तेव्हा ती चीज नवीनच होती. पेनासारखी नळी, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचं तोंड, आत निकोटिनचा द्राव. ओढली की धूर नाही, वाफ यायची. चव पावसात भिजलेल्या बिडीसारखी. पण चालायचं. नऊ आठवडे त्यांनी खऱ्या सिगरेटला हात लावला नाही.

"काका, पेन कशाला चोखता?" सीमाने पार्किंग लॉटमध्ये पकडलंच.

"पेन नाही. हे सोडायचं औषध आहे."

"बाप्पा! मग त्या औषधाचं तोंड कशाचं बनलंय, ते टेस्ट केलं की नाही?"

"पहिल्याच दिवशी. पॉलिकार्बोनेट. कोमट पाणी, साधा साबण, पुसून वाळवायचं. अ‍ॅसिटोन तर लांबच राहू दे, मी स्पिरिटसुद्धा लावत नाही."

"आणि सावनीला सांगितलं हे?"

"सोडली म्हणून सांगितलंय."

"हे नाही सांगितलं."

"सिगरेट सोडली. सोडलीच आहे ना?"

सीमाने गाडीचं दार उघडलं. "तुमचं तुम्ही बघा. पण बारशाचे फोटो मला आणून दाखवा."

बारसं रविवारी होतं. विमान शुक्रवारी सकाळचं. बुधवारी साडेपाचला काका घरी आले आणि बॅग भरायला घेतली. सगळे कपडे दोनदा धुतलेले. बाळासाठी मऊ दुपटं. सगळ्यात शेवटी राहिली ती नळी. बरोबर तर न्यायलाच हवी. तिच्याशिवाय चार दिवस निघणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो म्हणायचं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन ओढायची, असा बेत.

त्यांनी प्लास्टिकचं तोंड नाकाशी धरलं. तंबाखूचा शिळा वास. साबणाने धुतलं. पुन्हा धुतलं. वास जाईना. हा वास बोटांना लागणार, आणि त्याच बोटांनी आपण बाळाला धरणार.

औषधांच्या फडताळात, वरच्या कप्प्यात संध्याताईंची निलगिरीच्या तेलाची बाटली होती. तीन वर्षांत तिला कुणी हलवलं नव्हतं. काकांना खोकला झाला की त्या पातेल्यात कढत पाणी घ्यायच्या, त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकायच्या आणि वरून हुकूम सोडायच्या: "चार थेंब. जास्त नाही. डोळे मिटा, नाहीतर झोंबेल. आणि बोलू नका."

काकांनी बूच उघडलं. अख्खी बाथरूम तिच्या वासाने भरली. त्यांनी कापसावर चार थेंब मोजून टाकले, प्लास्टिकचं तोंड आतून-बाहेरून पुसलं, वास पक्का मुरावा म्हणून कापूस तसाच भोवती गुंडाळला आणि नळीवर ते तोंड आट्यांमध्ये घट्ट आवळून ठेवलं. मग शर्टांना इस्त्री करायला गेले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी गुणगुणतसुद्धा होते.

अर्ध्या तासाने कापूस सोडला. आधी त्यांना वाटलं, भिंगाची काच धुरकटलीय. पण हातात भिंग नव्हतंच. पारदर्शक प्लास्टिक दुधी झालं होतं आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उतरल्या होत्या. आट्यांपाशी, जिथे आवळलं होतं तिथे, आरपार चीर. द्राव ठिपकत होता.

ते पलंगाच्या कडेवर बसले. हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. जूनमध्येच वाफ घ्यायच्या एका यंत्राची प्लास्टिकची वाटी लॅबमध्ये तडकून आली होती, आणि रिपोर्टात त्यांनीच लिहिलं होतं: निलगिरी, लवंग, संत्र्याच्या सालीचं, असलं कुठलंही तेल या प्लास्टिकला लावू नये. स्वतःच्या सहीने. लॅबमध्ये ती बाटली दिसली असती तर त्यांनी हातमोजे घालून ती बाजूला ठेवली असती. घरातल्या फडताळातली बाटली त्यांना रसायन वाटलीच नाही. ती संध्याची होती.

चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. ओढलं की नुसती हवा, आणि जिभेवर कडूजहर थेंब. दुसरं तोंड मागवायचं तर बारा दिवस. सात वाजेपर्यंत ते घरात येरझारा घालत होते. सव्वासातला त्यांनी गाडी काढली.

गॅस स्टेशनच्या काउंटरवरच्या म्हाताऱ्याने त्यांना पाहताच मागे वळून त्यांच्या ब्रँडचं पाकीट काढून ठेवलं. "बरेच दिवस दिसला नाहीत," तो इंग्रजीत म्हणाला. "मला वाटलं, आजारी आहात."

नऊ आठवड्यांत काकांना असं म्हणणारा तो पहिलाच माणूस.

घरी येऊन ते पॅटिओवर गेले. चौकड्यांचा शर्ट चढवला. ऊन अजून कुंपणावर होतं. एक सिगरेट त्यांनी शेवटपर्यंत, घाई न करता ओढली. मग शर्ट खुंटीला लावला, हात कोपरापर्यंत धुतले आणि फोन उचलला. सर्दी झालीय म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तापसुद्धा आहे म्हणायचं.

"बोला बाबा. बॅग झाली?" मागे बाळाचा बारीक आवाज येत होता, मांजराच्या पिलासारखा.

"झाली. सावनी... मी आत्ता एक ओढली."

बाळाचा आवाज फोनपासून लांब गेला.

"पण तुम्ही तर सोडली होतीत."

"सोडली होती. एक इलेक्ट्रिकची मिळते, वाफेची, ती ओढत होतो. ती आज तुटली."

"म्हणजे बरोबर आणणार होतात. माझ्या घरी."

"घरात नाही. कोपऱ्यावर जाऊन."

"बाबा, कोपऱ्यावर आणि पॅटिओवर. तेच ना?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आणि तुटली कशी? तुमच्याकडून? प्लास्टिक?"

"आईचं निलगिरीचं तेल लावलं. वास जावा म्हणून."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "अजून आहे ती बाटली?"

"आहे. अर्धी."

"बाबा, शुक्रवारी नका येऊ. मला असं म्हणायचं नाहीये, पण नका येऊ. बारसं पुढे नाही ढकलता येणार, श्रीरामचे आई-बाबा सोमवारी परत जातायत. तुम्ही खरंच सोडा, मग या. कधीही या."

"बरं."

"खोटं बोलला असतात तर मला कळलंही नसतं."

"तिला कळलं असतं," काका म्हणाले. तिला म्हणजे बाळाच्या फुप्फुसांना की संध्याला, ते सावनीने विचारलं नाही.

गुरुवारी काका लॅबमध्ये गेले. सुट्टी टाकली होती, तरी गेले. पॉलिकार्बोनेटच्या तीन पट्ट्या कापल्या, कमानीवर चढवल्या, घरून आणलेल्या बाटलीतले चार-चार थेंब कापसावर टाकून वर ठेवले आणि भिंग घेऊन बसले. सीमा आली, वास घेतला, टेबलावरची बाटली बघितली.  खुर्ची ओढून शेजारी बसली.

"किती झाली?"

"अकरा मिनिटं. पहिली गेली."

"लिहू?"

"लिही. आणि चौथी एक कोरडी पट्टी लाव. वाकवून. तेल नको."

"कशाला? ती तर टिकेलच."

"असू दे. बघू."

रविवारी अकराला फोन आला. श्रीरामने स्पीकर चालू करून फोन पाळण्याजवळ ठेवला. "बाबा, ऐकू येतंय ना?" बायकांचा गलका, बांगड्या, कुणीतरी कुणाला तरी सांगतंय, अगं डोकं सांभाळ. काकांनी डायनिंग टेबलवर फोन ठेवला होता, समोर दुपटं घडी करून. पाळणा म्हटला गेला. मग श्रीरामच्या बहिणीचा, रुपालीचा आवाज: "कुर्र." नाव कानात सांगितलं गेलं, म्हणून काकांना ऐकू आलं नाही.

"काय ठेवलं?" त्यांनी विचारलं. गलक्यात ते कुणाला पोचलं नाही. थोड्या वेळाने सावनी जवळ येऊन म्हणाली, "आन्या, बाबा. आन्या ठेवलं. मी जरा येते हं, तिला भूक लागलीय." आणि फोन उचलून कुणीतरी ओट्यावर नेऊन ठेवला असावा, कारण मग भांड्यांचे आवाज येऊ लागले. श्रीखंडात अजून साखर हवी का, यावर वाद चालला होता. पेपर प्लेट्स कुठे आहेत. जिलबी गरम कर.

काकांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. बुधवारचं पाकीट, एक काढलेलं, गुरुवारी सीमाने त्यांच्यादेखत सिंकमध्ये भिजवलं होतं. हा चौथा दिवस. लॅबमध्ये कमानीवर ती कोरडी पट्टी अजून तशीच असणार, सोमवारी बघायची होती.

"हा फोन कुणाचा चालू आहे?" पलीकडे एका अनोळखी बाईने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. तिनेही फोन बंद केला नाही.

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, फोनचा आवाज वाढवला आणि त्यांची जेवणं होईपर्यंत ऐकत बसले.