रडार म्हणतं, कोरडं आहे

आमच्या प्रकल्पात पाऊस साठतो त्याहून जास्त किस्से साठतात. पर्जन्यमापक निदान रोज सकाळी रिकामं करतात, माझं डोकं कोण रिकामं करणार? आमचे ड्रायव्हर हरिभाऊ म्हणतात, "भाऊ, बोलून टाकत जा, नाई तं बीपी वाढते." तर बोलून टाकतो. हसायचं तिथं खुशाल हसा, पण मी रागात सांगतोय हे ध्यानात असू द्या!

काम तसं सोपं. दूरच्या शहरातलं रडार ढगांकडे बघून सांगतं, अमुक गावात इतका पाऊस पडला. आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगावी मापकं ठेवलीत. खरंच तितका पडला का, ते ताडून बघायचं. रडार पास झालं की गावातली मापकं उचलायची आणि पुराचे इशारे रडारवरूनच द्यायचे, असं वर ठरलेलं.

*

गडचांदूरला रडारवर धो धो पाऊस आणि मापकात शून्य. दोन-तीनदा असं झालं म्हणून बघायला गेलो. कारखान्यातल्या सिमेंटची धूळ नरसाळ्यात बसलेली, तिच्यावर पावसाचं पाणी, मग कडक ऊन. नरसाळ्याच्या तोंडात चक्क स्लॅब पडला होता! छिन्नीनं फोडावा लागला.

नागपूरला आमच्या साहेबांना फोन केला, तर ते खूश. "बघा! चूक नेहमी गावातल्या यंत्राचीच असते."

या वेळी होती, मान्य. पण तीच धूळ तिथली माणसं दिवसरात्र छातीत ओढतात, त्याबद्दल साहेबांनी एक शब्द विचारला नाही. हरिभाऊ गाडी सुरू करता करता म्हणाले, "मापकाचा घसा तरी साफ झाला बाप्पा!"

*

कोरपन्याकडच्या एका गावात उलटं. आकाश निरभ्र, रडार कोरडं आणि मापकात रोज सकाळी पाऊस. तोही ठरल्या वेळी!

ग्रामपंचायतीचा शिपाई मला छतावर घेऊन गेला. मापक पाण्याच्या टाकीला खेटून. म्हणाला, "टाकी भरून वाहू लागली का तुमचा पाऊस सुरू होते."

ही जागा साहेबांनी स्वतः निवडलेली, कारण तिथून फोटोत ग्रामपंचायतीची पाटी येते. मी म्हटलं, मापक हलवू या. साहेब म्हणाले, "आता कसं हलवणार? उद्घाटन झालंय!"

*

त्याच भागात सोयाबीन वाळत घातलं होतं. रडार बघून आमचा मेसेज गेला, मुसळधार येतोय. लोकांनी धावपळ करून ताडपत्र्या टाकल्या. एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज नाही म्हणून उघडं केलं, तर दुपारी असा कोसळला की विचारू नका.

संध्याकाळी एका बाईंचा फोन. "काऊन भाऊ, झाकलं तं आला नाई, उघडलं तं धुऊन गेला. तुमचं रडार आमच्या सोयाबीनवर डोया ठेवून हाये का?"

मी हे साहेबांच्या कानावर घातलं. थेंब खाली येईतो हवेतच सुकतात कधी कधी, ते मलाही माहीत आहे. पण साहेबांचं उत्तर ऐका. "रडार बरोबरच होतं. पाऊस वर पडला होता!"

वर पडला होता! मी फोन ठेवला आणि टेबलावर मूठ आपटली. हात दोन दिवस दुखला.

*

आता मुलचेऱ्याकडचं. तिथल्या एका गावात शेवंताबाई मापक बघतात. अंगणवाडीत मदतनीस आहेत. गावाबाहेर नाल्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आणि शाळेचा ऑटो त्यावरूनच जातो. मापकात पाणी जास्त दिसलं की शेवंताबाई रपट्यावर आडवा बांबू बांधतात आणि ऑटो थांबतो. त्यांची नात त्याच ऑटोत असते.

रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल, खाली वळत जाते. जितकं लांब, तितका उंच. मुलचेऱ्यापर्यंत येईतो तो ठेंगण्या ढगांच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून शेवंताबाईंचं मापक भरून वाहतं आणि रडार म्हणतं, कोरडं आहे.

साहेब म्हणाले, "त्या बाईचे आकडे काढून टाका. रडारशी जुळत नाहीत."

"साहेब, रडार बरोबर आहे का, हेच तर तपासतोय आपण!"

"म्हणूनच. चुकीचे आकडे ठेवून तपासणी कशी होणार?"

आकडे निघाले. अहवालात रडार 'उत्तम' ठरलं. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी सही केली नाही, तर साहेबांनी दुसऱ्याची घेतली.

*

मग साहेब स्वतः मापक काढायला आले. सकाळची वेळ. ते पान्यानं नट सोडवत होते आणि वरून पावसाची झोड. हरिभाऊंनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरलेली. छत्रीखाली साहेबांनी मोबाइल उघडला आणि मला दाखवला. "बघा, या भागात कुठंच पाऊस नाही."

शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "मापक नेऊन राह्यले तं मी आता कशात पाहू?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुपारी नागपूर गाठायचं होतं.

मापक डिकीत टाकून आम्ही निघालो, तर रपट्यावरून लाल पाणी जात होतं. बांबू बांधलेला. अलीकडे शाळेचा ऑटो पोरांसकट उभा. शेवंताबाई आडवाटेनं आमच्या आधीच तिथं पोचल्या होत्या आणि बांबूवर हात ठेवून उभ्या होत्या.

साहेब काच खाली करून ओरडले, "बांबू काढा! वर सगळं कोरडं आहे, पाणी वाढणार नाही. आधी आमची गाडी जाऊ द्या, मग ऑटोही सोडा."

हरिभाऊंनी गाडी बंद केली आणि चावी खिशात घातली.

साहेब तणतणत खाली उतरले, मोबाइल पुढे धरूनच. शेवंताबाईंनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. मग बांबूचं एक टोक उचललं, साहेबांपुरतं.

"या सायेब. वर कोरडं हाये ना? मंग पयले तुमी पायी चाला, पोरं मांगून येतीन. बूट काढाचं काम नाई."