रॉइस नसलेलं टेबल

ओपल हॅचेट खेळायला बसली की लोक आधी तिच्या टोपीकडं बघत. किरमिजी रंगाची, परातीएवढी, वर शहामृगाची पिसं. पश्चिम टेक्सासच्या त्या धुळकट गावांत बायका चर्चला जातानाही एवढा थाटमाट करत नसत. ओपल मुद्दाम करायची. टोपीकडं बघणाऱ्या माणसाचं तिच्या डोळ्यांकडं लक्ष जात नसे.

तिच्या बापाचा डॉमिनोचा अड्डा होता. तिथं लबाडी करणाऱ्यांच्या मानगुटी धरताना बापाला बघत ती वाढली आणि संशय तिच्या अंगातच मुरला. खानावळीत ती भिंतीला पाठ लावून बसे. कॉफी आली की स्वतःचा कप नवऱ्यापुढं सरकवून त्याचा आपण घेई. तो नवरा म्हणजे रॉइस. पूर्वी पवनचक्क्यांचे सुटे भाग विकायचा. गाडी चालवायची, गिटार वाजवायची आणि पोकरमध्ये हसतहसत हरायचं, एवढंच त्याला येतं असं सगळे समजत. नवराबायको एका टेबलावर नकोत, अशी कुरकुर व्हायची. पण रॉइस इतका भिकार खेळायचा की त्याला उठवायला कुणीच राजी नसे. साऱ्या जगात ओपलचा विश्वास होता तो या एकाच माणसावर.

एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर टॉलिव्हरच्या पेंडीच्या दुकानामागं डाव बसला. पाद्र्याला दिसू नये म्हणून खिडक्यांना गोणपाट लावलं होतं. टॉलिव्हरची गुरं होती, जमीन होती आणि ओपलकडून सतत हरल्यामुळं डोक्यात राखही होती.

"ओपलबाई, राग मानू नका, पण बाह्या वर करा."

तिनं केल्या.

"आता टोपी."

"पोलकंपण काढू का?" ओपल म्हणाली. सगळे खिदळले, टॉलिव्हर सोडून. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

टॉलिव्हरनं कोरा कॅट फोडला. बराच वेळ सरळ खेळ चालला. मग ओपलच्या हातात बदामचा एक्का आला आणि तिचा अंगठा कडेवर अडखळला. बारीकशी खाच होती. नखानं दाबलेली, पान पालथं असतानाही ओळखू यावं म्हणून.

बोलली असती तर पहिलं बोट तिच्याकडंच वळलं असतं. पान टाकून ती सगळ्यांचे हात न्याहाळू लागली. टॉलिव्हरची नखं कुरतडून कुरतडून बुडाशी गेली होती. शेजारच्या दोघा गुराख्यांची तुटलेली, मातीनं भरलेली. रॉइसच्या उजव्या अंगठ्याचं नख तेवढं लांब, टोकदार. गिटारसाठी वाढवलंय, असं तो सांगायचा.

पुढच्या वाटपात तिला दोन राजे आले. बाकीचे पत्ते बदलून घेतले तरी जोडी तेवढीच राहिली. टॉलिव्हरनं बोली लावली, तर रॉइसनं ती एकदम कुठल्या कुठं नेली. एरवी रॉइस असा उसळला की ओपल पत्ते टाकून द्यायची आणि पुढं दरवेळी दिसायचं, बरं झालं टाकले. आज तिनं टाकले नाहीत. बोलीला बोली लावली. रॉइसनं चमकून तिच्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली आणि आपले पत्ते पालथे फेकले. टॉलिव्हरनं दोन एक्के उघडले. दोन्हींच्या कडेला खाच होती.

ओपलनं टोपी उचलली.

"काय ओपलबाई, एका हारेत गार?"

"पोट बिघडलंय," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

गाव मागं पडलं. गाडी तीच चालवत होती.

"अंगठा दाखव."

"काय गं, ज्योतिष बघतेस?" रॉइस हसला. मग हसायचा थांबला. "तुझ्यासाठीच करत होतो. मला काय मिळत होतं? हरणारा गाढव म्हणून नावच खराब झालं ना माझं?"

"अमॅरिलोत त्या वकिलाला मी थाप मारून उठवलं, ते?"

"त्याच्याकडं काहीच नव्हतं, राणी. मी आधीच पत्ते टाकले, म्हणून तुला धीर आला."

"म्हणजे मी कधी खेळलेच नाही."

"असं कसं? थोडं तू, थोडं मी. संसार म्हणतात याला."

तिनं कचकन ब्रेक दाबला. "उतर."

कपाशीच्या शेतांमधल्या त्या रस्त्यावर तो गिटार घेऊन उभा राहिला. तिनं आरशात बघितलं नाही.

त्यानंतर ती एकटी फिरली आणि वाईट हरली. कुणाची बोली खरी, कुणाची पोकळ, काही उमगेना. माणसं वाचण्याची आपली नजर म्हणजे रॉइसचं नख होतं की काय, या शंकेनं ती पोखरत गेली. टोप्या विकल्या, एक तेवढी ठेवली. पण हरता हरता ती पुन्हा बघायला शिकली. कोण घोट गिळतो, कोण उगाच विनोद करतो. हळूहळू जिंकू लागली आणि काही वर्षांनी लास व्हेगासच्या अजिंक्यपदाच्या टेबलावर सगळ्या पुरुषांना उठवून शेवटच्या दोघांत येऊन बसली. समोर ह्यूस्टनचा एक दंतवैद्य होता. तिच्याकडं फुटकळ पत्ते होते. तिनं पैशांऐवजी लावायच्या सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या. दंतवैद्य फार वेळ टोपीकडं बघत राहिला, आणि त्यानं पत्ते टाकले. तिथून तो सावरलाच नाही आणि अजिंक्यपद ओपलचं झालं.

टाळ्यांच्या गर्दीत मागं रॉइस उभा दिसला. ती तडक त्याच्याकडं गेली.

"इथं कुणाशी बोललास? त्या दंतवैद्याशी? पत्ते वाटणाऱ्याशी?"

"तिकीट काढून आलोय, राणी. कुणाशी नाही."

"हात दाखव."

नखं कापलेली होती. तरी तिनं दहाही बोटं उलटीपालटी करून बघितली. नखं कापता येतात आणि वाढवताही येतात.

पुढं तिनं त्याला परत घेतलं, गाडी चालवायला. खेळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा करार. ती आत खेळे, तो बाहेर गाडीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसे. आत बसण्याआधी ती गाडीकडं उघडणाऱ्या खिडक्यांचे पडदे स्वतःच्या हातानं ओढून घेई.