कथील म्हणालो, ते शिसं निघालं

डॉक्टरांनी अक्काचा खालचा ओठ ओढला, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर काळी रेघ होती. "लेड पॉयझनिंग," ते म्हणाले. "म्हणजे शिशाची विषबाधा. काम काय करतात या?"

मी भाषणच सुरू केलं. नगरच्या बेकारांसाठी आमच्या मंडळाने काढलेला उद्योग. भंगारात येणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या पाट्या. त्यांवरचे आयसी, म्हणजे पुष्कळ पायांचे काळे तुकडे, सोडवून रेडिओवाल्यांना द्यायचे. डॉक्टरांनी मधेच तोडलं. "पाट्यांवर हे तुकडे जोडायचा डाक कशाचा असतो?"

"कथलाचा."

"निम्म्याच्या आसपास शिसं असतं त्यात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. आमच्याकडे त्या डाकाला सरसकट कथील म्हणतात. कल्हईवालाही कथीलच लावतो आणि त्याच पातेल्यात आपण आमटी करतो. तेवढ्यावर मी पत्रकात ठोकून दिलं होतं, 'काम निर्धोक. कल्हईचंच कथील.' कारखानदारांना जाब विचारणारा मी, स्वतः कोणालाही विचारलं नव्हतं.

अक्का, माझी मोठी बहीण, मूळची शिवणकाम करणारी. माझ्या शब्दाखातर ती या कामाला आली. सावेडीच्या रस्त्याला पत्र्याची खोली होती. थंडी म्हणून खिडकी लावलेली. शेगडीवर पाटी धरायची, डाक पाघळला की फळीवर आपटायची. आयसी खाली पडत. चौघीजणी तिथेच बसून भाकरी खात.

"तोंड गोड गोड लागतंय रे," अक्का म्हणाली होती. "धूर घशात बसतोय. काय हाय त्यात?"

"कथील. कामाचा कंटाळा आला असंल तर तसं सांग."

हे वाक्य मला परत घेता येत नाही.

दिवाळीनंतर तिच्या पोटात कळा यायला लागल्या. चार-चार दिवस पोट साफ होईना. वात समजून आम्ही चूर्ण दिलं. महिना गेला. मग एका सकाळी ब्लाउज बेतताना तिच्या हातून कात्री पडली. उचलली, पुन्हा पडली. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. पंजा वर उचलणाऱ्या नसा शिशाने निकामी होतात.

डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि रक्त पुण्याला पाठवलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले. तोवर मी बाकावर बसून नव्या पत्रकाचा मजकूर जुळवत होतो. शेजारच्या खाटेवर नेवाशाकडची एक म्हातारी होती. ती अक्काला म्हणाली, "भाऊ पुढारी हाय व्हय तुजा?" मग माझ्याकडे वळून, "लिवनं ऱ्हाऊ द्या. हात चोळा तिचा जरा."

मी कागद खिशात घातला.

रक्तात शिसंच निघालं. शिरेतून ईडीटीए नावाचं औषध दिलं. ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. पाचव्या दिवशी कळा थांबल्या. डॉक्टर म्हणाले, "पोट सुधारलं. हाताचं मी आत्ता सांगणार नाही." त्यांनी खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तुमच्या घरात कोणी डाक वितळवत असेल, तर त्याची हिरडी बघा. पोटाच्या कळांना वात म्हणून बसू नका. पत्रकावर विश्वास ठेवू नका, माझ्यासुद्धा.

सहा महिन्यांनी हात निम्मा वर आला. कात्री अजून पेलत नाही. डॉक्टर म्हणतात, राहिलेलं बहुतेक येणार नाही.

अक्काला दवाखान्यातून सोडलं, त्याच दिवशी तिला घेऊन मी काम बंद करा म्हणून खोलीवर सांगायला गेलो होतो, तर बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. आधी चालू करा म्हणणाराही मीच होतो. अक्का पुढे झाली आणि तिने हात पुढे धरला.

"परत यील का गं समदा?" एकीने विचारलं.

"यील तेवढा यील," अक्का म्हणाली. "तू ती शेगडी विझव आन् साबणानं हात धुऊन ये. पोरं घरी वाट बघत्यात."