बँडमास्तर सावेलिच आणि पाच रंगांचा आठवडा

झारेचेंस्क गावात येवलाम्पी सावेलिचला कुणी येवलाम्पी म्हणत नसे. बापाचं नाव सावेली, म्हणून हा सावेलिच. बायकोसुद्धा तेवढंच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी त्याला पलटणीच्या बँडात घेतलं ते वाजवता येत होतं म्हणून नव्हे, तर पुढचे दात शाबूत होते म्हणून. तिथं तो झारचं गीत वाजवायला शिकला. मग झार गेला आणि हंगामी सरकारनं दुसरं गीत धाडलं. ते ओठांवर जेमतेम बसतंय तोच ऑक्टोबर उजाडला आणि तिसरं आलं.

"तीन राज्यं बघितली मी," तो सांगायचा. "फुंकर मात्र सगळ्यांना सारखीच लागते. गाल आपलेच दुखतात."

यादवी संपल्यावर तो घरी आला आणि 'लाल धोटा' कापडगिरणीच्या बॉयलरघरात लागला. गिरणीच्या जुन्या मालकाची वाद्यं माळ्यावर धूळ खात पडली होती. ती उतरवून, चेपलेली ठोकून सरळ करून, सावेलिचनं पंधरा जणांचा बँड उभा केला. तीन ट्रम्पेटवाले कातकामगार, ट्यूबा वाजवणारा आडदांड निकीफोर रंगखात्यातला, ढोलवाला याकीम गोदामातला. मिरवणूक असो, मयत असो, नव्या पंपाचं उद्घाटन असो, सावेलिचचा बँड हजर. आठ वर्षं सगळं सुरळीत चाललं.

एकोणतीस सालच्या शरदात गिरणीच्या क्लबात सभा भरली. मॉस्कोहून शिकून आलेला सुसूत्रीकरण खात्याचा तरुण अधिकारी, कॉम्रेड वेन्यामिन, व्यासपीठावर चढला. रविवारी देशभरची यंत्रं फुकट झोपतात, हा गुन्हा आहे, असं त्यानं सांगितलं. आता आठवडा पाच दिवसांचा. प्रत्येक कामगाराला एक रंग मिळणार. आपल्या रंगाच्या दिवशी सुट्टी, उरलेले चार दिवस काम. यंत्रं थांबणार नाहीत, रविवार राहणार नाही.

"मग देवळात कधी जायचं?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"आजी, देऊळ आता धान्याचं कोठार झालंय."

"ते माहीत आहे रे बाबा. कोठार कधी उघडं असतं ते विचारतेय."

दाराशी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. सावेलिचला जांभळी मिळाली. घरी आला तर बायको फेवरोन्या, जी गिरणीच्या खानावळीत सूप वाढायची, हिरवी चिठ्ठी घेऊन बसलेली. मुलगी तास्या मागावर, तिला पिवळी. तिचा ठरलेला नवरा ग्लेब तुटलेल्या धाग्यांना गाठी मारणारा, तो केशरी.

"चार माणसं नि चार रविवार," फेवरोन्या म्हणाली. "श्रीमंत झालो की काय आपण?"

बँडाचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. चिठ्ठ्या कशा वाटल्या देव जाणे, तिन्ही ट्रम्पेटवाले पिवळे निघाले, निकीफोर तांबडा, क्लॅरिनेटवाले अर्धे हिरवे अर्धे केशरी. रोज कुणी ना कुणी सुट्टीवर. बरं, सुट्टी सोडून तालमीला यावं म्हटलं, तर क्लब गिरणीच्या आवारात, आणि फाटकावर उस्तिन्या मावशी. मावशीनं मालकाच्या काळापासून फाटक सांभाळलं होतं. चिठ्ठी ज्या रंगाची, त्या रंगाच्या दिवशी आत यायला बंदी, असा कागद तिच्या खिडकीवर डकवलेला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते.

"मावशी, निकीफोर आहे हा! तुमच्या मांडीवर खेळलाय!"

"खेळला असेल. आज तांबडा आहे. तांबड्यानं विश्रांती घ्यायची."

निकीफोर ट्यूबा गळ्यात अडकवून घरी विश्रांती घ्यायला गेला.

महिनाभरानं सावेलिचनं टोपी हातात घेतली आणि वेन्यामिनच्या खोलीत गेला. भिंतीवर पाच रंगांचा भला मोठा तक्ता होता. तो इतका सुरेख होता की सावेलिच क्षणभर कशासाठी आलो ते विसरला.

"कॉम्रेड, बँड एकत्र वाजला पाहिजे. मार्चाला खालचा सूर लागतो, वरचा लागतो—"

"एकत्र का?" वेन्यामिननं विचारलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

 सावेलिच बत्तीस वर्षं वाजवत होता, पण हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता.

"हे बघा," वेन्यामिन तक्त्यापाशी गेला, "आज मार्च ट्रम्पेटशिवाय वाजेल, उद्या ट्यूबाशिवाय. पाच दिवस सलग ऐकणाऱ्याला पाची दिवस मिळून सगळी वाद्यं मिळतात. तोटा कुठं आहे?"

आणि त्यानं तशी जाहिरातच लावली: 'अखंड मैफल, रोज पाळी संपल्यावर, पाच दिवसांत पूर्ण'. सावेलिचला वाटलं लोक हसतील. पण लोक आले, कारण क्लबात शेगडी होती आणि घरी सरपण नव्हतं. हळूहळू विणकरणींना त्याचा नादही लागला. पिवळ्या चिठ्ठीची एक जाडजूड बाई एकदा त्याला गाठून म्हणाली, "सावेलिच काका, तुमच्या बँडात ट्रम्पेट आहेत म्हणतात, खरं का हो? माझी मैत्रीण शपथेवर सांगते." सुट्टीच्या दिवशी बाईला आत यायला बंदी, आणि उरलेल्या चार दिवशी तिची दुसरी पाळी. बँड ती फक्त सुट्टीच्या संध्याकाळी चोरून, कुंपणाला कान लावून ऐकायची, आणि पिवळ्या दिवशी ट्रम्पेटवालेही घरी.

हिवाळ्यात तास्याचं लग्न निघालं. नोंदणी केशरी दिवशी झाली. तास्या जेवणाच्या सुट्टीत धावत गेली, केसांत कापसाचे पुंजके तसेच, सही केली आणि भोंग्याआधी मागावर परतली. खरी पंचाईत जेवणावळीची. कुठलाही दिवस धरला तरी चार पंचमांश पाहुणे कामावर. तेव्हा फेवरोन्यानं ठरवलं, जेवणावळ पाच दिवस, आणि तिनं नि सावेलिचनं तेवढ्यापुरती रात्रपाळी मागून घेतली. रोज नवे पाहुणे, रोज पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी पिरोगांत, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पावांत, मांस होतं, दुसऱ्या दिवशी कोबी, तिसऱ्या दिवशी बटाटा. चौथ्या दिवशी सलगम. पिठाचं रेशन तेवढ्यात संपलं, म्हणून पाचव्या दिवशी पिरोगातलं पिरोग गेलं आणि नुसतं सलगम उरलं. पाहुणे रिवाजाप्रमाणं ग्लास उंचावून ओरडायचे, "कडू! कडू!" म्हणजे नवरानवरीनं एकमेकांचं चुंबन घ्यायचं. दुसऱ्या दिवशी नवरी पाळीवर होती. ग्लेब एकटाच बसलेला, शेजारी खुर्चीवर तास्याचा रुमाल ठेवलेला. पाहुणे ओरडायचे, आणि ग्लेब बिचारा उठून रुमालाचं चुंबन घ्यायचा. चौथ्या दिवशी उलट झालं. ग्लेब कामावर, तास्या घरी.

"मी काय त्याच्या टोपीचं चुंबन घेऊ?" तास्या चिडली.

"टोपी घालून गेलाय तो," फेवरोन्या म्हणाली. "त्याचे गमबूट आहेत."

तास्यानं ठाम नकार दिला. पाहुण्यांना वाईट वाटलं. शेवटी सावेलिच उठला, मुलीच्या कपाळावर ओठ टेकले आणि पाहुण्यांना सांगितलं, "जावयाच्या वतीनं." सगळ्यांनी मान्य केलं. मुखत्यारपत्र मात्र कुणी मागितलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

मार्चमध्ये नव्या विणकामखात्याचं उद्घाटन आलं. प्रांताच्या गावाहून मोठा पाहुणा येणार, आणि दिवस नेमका पिवळा. राष्ट्रगीत तर हवंच, आणि ट्रम्पेटशिवाय राष्ट्रगीत म्हणजे दाणे काढलेलं कणीस. सावेलिच पुन्हा वेन्यामिनकडं गेला.

"तिघांना एक दिवस आत सोडा."

"एका दिवसाचा अपवाद केला की तक्ता गेला," वेन्यामिन म्हणाला.  त्याचीही नोकरी त्या तक्त्यावरच टांगलेली होती. "पण कागदात आवारात येऊ नये असं आहे. आवाज येऊ नये असं नाही."

तेव्हा ठरलं असं: ट्रम्पेटवाले फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे राहतील. तिथून व्यासपीठ दिसत नाही, मधे कापसाचं गोदाम. म्हणून खूण बांधली. याकीमनं ढोलावर एक दणका दिला की सुरू करायचं.

सकाळी कडाक्याची थंडी होती. दोन हजार माणसं आवारात उभी, पाहुण्यानं फीत कापली, सगळ्यांच्या टोप्या उतरल्या. याकीमनं दणका दिला आणि फाटकापलीकडून ट्रम्पेटचा सूर उठला, गोदामाला वळसा घालून, थोडा उशिरा, पण स्वच्छ. सावेलिचच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांनी तो आपला बँड पुरा ऐकत होता.

गीत संपलं. संपताना, जसं लिहिलेलं होतं तसं, याकीमनं ढोलावर शेवटचा दणका दिला.

फाटकाबाहेर तिघांनी दणका ऐकला, एकमेकांकडं पाहिलं आणि गीत पहिल्यापासून सुरू केलं.

पाहुण्यानं टोपी डोक्याकडं नेली होती, ती तशीच पुन्हा खाली आणली. क्लॅरिनेटवाल्यांनी सावेलिचकडं पाहिलं. राष्ट्रगीत चालू असताना वाद्य खाली धरून उभं राहायची छाती कुणाची? एक सामील झाला, मग दुसरा, मग निकीफोरनं गाल फुगवले. सावेलिचचा हात आपोआप चालू लागला. गीत संपत आलं तसं त्यानं याकीमला डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं खुणावलं: मारू नकोस! याकीमला वाटलं मास्तर म्हणतायत, जरा जोरात. त्यानं असा दणका दिला की गोदामाच्या छपरावरचा बर्फ घसरला.

तिसरी वेळ. चौथी वेळ. पाहुण्याचं टक्कल पडलेलं डोकं आधी गुलाबी झालं, मग निळसर. वेन्यामिन पुतळ्यासारखा ताठ. गर्दीत कुणी हलत नव्हतं. थंडीनं पाय आपटावेत तर तेही तालात आपटावे लागत होते. पाचव्या वेळी सावेलिचच्या ध्यानात आलं की कुणीतरी 'थांबवा' म्हणायला हवं, आणि ते मोठ्यानं म्हणणारा माणूस या आवारात नाही, या प्रांतातही बहुधा नाही. तोही म्हणणार नव्हता. घरी बायको होती, मुलगी होती.

मग तो हात हलवतच व्यासपीठावरून उतरला. बँडाकडं तोंड, फाटकाकडं पाठ, असा उलटा चालत, ताल देत देत, लोकांमधून वाट काढत तो दोनशे पावलं गेला. लोकांना वाटलं, अशीच पद्धत असेल. खिडकीपाशी पाठ टेकली तेव्हा सातवी वेळ चालू होती.

"मावशी, बाहेर जाऊ द्या."

"कामाच्या वेळेत बाहेर जायला चिठ्ठी लागते."

"मावशी, पाया पडतो. पोरांना थांबवायचंय."

"मग सांग की 'थांबा' म्हणून. ऐकू जाईल."

"मोठ्यानं कसं म्हणू? राष्ट्रगीत आहे ते!"

उस्तिन्या मावशीनं आवारातल्या दोन हजार उघड्या डोक्यांकडं पाहिलं. मग तिनं रस्त्याकडची खिडकी उघडली आणि हळूच, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "पोरांनो, कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात साखर आलीय म्हणे."

ट्रम्पेट अर्ध्या सुरावर तुटले. बर्फावर धावणाऱ्या बुटांचा आवाज आला आणि दूर दूर गेला. आतला बँड कडव्याच्या शेवटाला पोचला, याकीमनं दणका दिला, आणि सगळं आवार कान टवकारून उभं राहिलं. फाटकापलीकडून काही आलं नाही. पाहुण्यानं टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी सावेलिचला कचेरीत बोलावणं आलं. अटक झालीच तर लागेल म्हणून फेवरोन्यानं त्याच्या पिशवीत लोकरी मोजे, पावाचा तुकडा आणि साबण भरला. दाराशी तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. तासाभरात तो परत आला. हातात मानपत्र होतं. 'कामगारांच्या उत्कट आग्रहावरून राष्ट्रगीत सात वेळा सादर केल्याबद्दल.' प्रांताच्या वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं, आणि शेजारच्या गिरणीला विचारणा झाली की तुमच्याकडं एकदाच का वाजलं.

"साबण दे इकडं," फेवरोन्या म्हणाली, आणि स्टुलावर बसून बराच वेळ रडली.

वेन्यामिनला बढती मिळून तो कुठल्याशा रेल्वे कचेरीत गेला. जाताना तक्ता गुंडाळून घेऊन गेला. एकतीस सालच्या हिवाळ्यात वरून हुकूम आला की आठवडा आता सहा दिवसांचा, आणि सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी. रंग गेले. बँड पहिल्यांदा पुरा जमला आणि मार्च सुरू झाला तेव्हा कानांवर हात ठेवायची पाळी आली. निकीफोरला ट्रम्पेटसाठी थांबायची सवय राहिली नव्हती, आणि ट्रम्पेटवाल्यांना कुणाशी जुळवून घ्यायची. विणकरणी म्हणाल्या, आधीचं बरं होतं, निदान एकेक नीट ऐकू यायचं. सगळे पुन्हा एका तालात यायला सावेलिचला दीड वर्ष लागलं.

पहिल्या एकत्र सुट्टीच्या दिवशी तो आणि फेवरोन्या टेबलाशी समोरासमोर बसले. दोन वर्षांत भर दिवसा असे बसले नव्हते. चहाचा समोवार उकळत होता.

"तू चहा असा फुर्रफुर्र पितोस?" ती म्हणाली.

"चौतीस वर्षं फुंकतोय, फेवरोन्या. आता ओढायची सवय लागलीय."

"आणि हे टेबल खिडकीपाशी कुणी सरकवलं?"

"मीच. जांभळ्या दिवशी."

"मी हिरव्या दिवशी भिंतीपाशी सरकवत होते. दर वेळी! मला वाटायचं, फरशीच उतरती आहे."

दोघं उठली, टेबल मधोमध आणून ठेवलं, आणि ते तिथं येता-जाता दोघांच्याही पायाला लागू लागलं.