कडुनिंबाखालची शाळा
कडुनिंबाच्या मोहराचा वास आला की नाशिकजवळची एकलहऱ्याची कॉलनी आठवते. वडील वीज केंद्रात होते. धाकट्या बहिणीचं हृदय अधू, डॉक्टरांनी शाळेत पाठवू नका म्हणून सांगितलेलं, तेव्हा आईने क्वार्टरमागच्या कडुनिंबाखालीच तिची शाळा मांडली. लिंबोळ्यांनी बेरजा, मुंग्यांच्या रांगेमागून हळूहळू चालणं, ऊन उतरलं की मोठ्याने गोष्ट वाचणं. ओट्यावर वीज केंद्राची राख बसायची, तिच्यात बहीण बोटाने अक्षरं गिरवायची. होळीनंतर ती गेली. आई बोलेनाशीच झाली. एके दिवशी मी म्हणाले, "आई, आज मी शाळेत नाही जात. मला झाडाखाली शिकव." ती पुस्तक घेऊन आली. मी सहावीत होते, घडाघडा वाचायचे. पण आई एकेका शब्दावर बोट ठेवून सावकाश वाचू लागली, चित्रापाशी थांबली. "हे काय आहे, सांग बरं?" "ससा," मी म्हणाले. "शहाणी गं माझी बाई," म्हणत तिने मला मांडीवर ओढलं. मी मावत नव्हते तिथे, तरी पाय दुमडून बसले आणि पुस्तक संपेपर्यंत उत्तरं देत राहिले. आता आईही नाही. त्या दुपारी तिने कुणाला मांडीवर घेतलं होतं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.