मी पडली तर थांबजा

कुसुमवहिनी सकाळी शेतात निघाली की दारात जो दिसेल त्याला सांगायची, "मी फक्त चहा पेली हाये. ध्यानात ठेवजा." ऐकणारा हसायचा, तीही हसायची. पण हे ती गमतीनं सांगत नव्हती.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ एसटीत कंडक्टर, उमरखेडला. घरी यायचा तो सुटीपुरता. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझं किराणा दुकान होतं आणि वहिनी कापूस वेचणाऱ्या बायकांची पुढारी होती. कापसाचे ते वाईट दिवस. आसपासच्या गावांत माणसं फवारणीचं औषध पिऊन मरत होती. त्यामुळे गावाला एक सवयच जडली होती: कोणी अचानक कोसळलं की आधी उलटी व्हावी म्हणून तोंडात मिठाचं पाणी ओतायचं, विचारायचं नंतर.

वहिनी पहिल्यांदा पडली ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर. हातपाय झडत होते, डोळे गच्च मिटलेले. बायकांनी मला हाक मारली. दोघींनी तिचा जबडा उघडला, एकीनं पाणी ओतलं, आणि डोकं धरलं मी. तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं, हे तिनं नंतर सांगितलं. पाणी छातीत गेलं आणि ती कितीतरी दिवस खोकत राहिली. त्या खोकल्यातही मला म्हणाली, "भाऊजी, मीठ तुमच्या दुकानातलं व्हतं मनून वाचली. त्यात अर्धी मातीच राह्यते."

तशी ती आधीपासूनच आजारी होती. सकाळी बोटं सुजायची, उन्हात गाल लालभडक व्हायचे, बोंडाची टोकं बोचली की डोळ्यांत पाणी यायचं. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा एक नाही, दोन आजार निघाले. पहिला ल्युपस, यात शरीराचं रक्षण करणारी शक्ती शरीरावरच उलटते. दुसऱ्याला डॉक्टर 'फंक्शनल' म्हणाले. मेंदूच्या फोटोत काही दिसत नाही, पण मेंदूचे निरोप वाटेत अडकतात; पाय लुळा पडतो, झटके येतात. हे सोंग नाही, त्यांनी बजावलं. पहिल्या आजाराच्या माणसांत हा दुसराही कधीकधी आढळतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन्ही खरे आहेत. एक आहे म्हणजे दुसरा नाही, असं कधी समजू नका." मी मान डोलावली.

वहिनीनं गावाला हे आपल्या भाषेत समजावलं. "पयल्या आजारात राखनदारच घरच्याइले मारून राह्यला. दुसऱ्यात तार चांगली हाय, पन लोडशेडिंग." वेचणीच्या टोळीतल्या एका म्हातारीला ते पटेना. कामाच्या वक्तीच कशी पडते ही, असं ती सगळ्यांसमोर बोलली. वहिनी म्हणाली, "माय, सुटीच्या दिवशी पडाले मले सवड कुठी हाये?" मग तिनं बायकांना बसवून शिकवलं, "मी पडली तर सावलीत घ्या, कुशीवर करा, आन् थांबजा. तोंडात काई टाकू नोका. मीच उठतो."

गाव शिकलं. वहिनी पडायची, बायका तिला कुशीवर करायच्या, कोणीतरी शेजारी बसून गप्पा मारायची. थोड्या वेळानं ती "आलं करंट" म्हणत उठायची. बाहेरचा कोणी पाणी घेऊन धावला तर मी त्याला अडवायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग एका वर्षी ऐन वेचणीत तिचे पाय सुजू लागले. सकाळी चेहराही फुगलेला दिसे. मी विचारलं तर म्हणाली, हेही त्यातलंच असंन. मलाही तसंच वाटलं. आमच्यासाठी आता सगळं 'त्यातलंच' होतं.

एका दुपारी ती माझ्या दुकानासमोर पडली. मी तिला कुशीवर केलं आणि जमलेल्यांना मागं सारलं. तीच म्हातारी वाकून म्हणाली, "भाऊ, आज हिचे डोये उघडे हायेत. दरवेळी तं मिटेल राह्यते." मी तिला गप्प केलं. वहिनीनंच सांगितलंय थांबायला, म्हणालो. आम्ही थांबलो. ओठ निळे पडू लागले तेव्हा मी जीपसाठी धावलो.

ल्युपस मूत्रपिंडात शिरला होता, वाढलेला रक्तदाब मेंदूला बाधला होता. हा झटका त्याचा होता, 'फंक्शनल' नव्हता. लवकर आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. रागावलेही नाहीत.

दवाखान्यात मध्ये एकदा ती शुद्धीवर आली. मी त्या उघड्या डोळ्यांबद्दल सांगू लागलो, तर तिनं हात हलवून मला थांबवलं. "मी सांगतलं तसंच केलं न तुमी, भाऊजी. बायकाइले वरडू नोका." त्यानंतर ती फारशी बोलली नाही. भाऊ उमरखेडहून पोचला तेव्हा तिची शुद्ध पुन्हा हरपली होती. ती गेली.

पुढच्या वेचणीला म्हातारी दुकानात आली. तिची सून आता तशीच पडू लागली होती. पडली तर थांबावं का, तिनं विचारलं. मी म्हणालो, थांबू नका, गाडी बोलवा.

"रोज पडते, भाऊ. रोज गाडी कुठून आनू?"

ती उत्तरासाठी उभीच राहिली. मी विचारलं, "पडते तेव्हा तिचे डोळे उघडे असतात की मिटलेले?"